पंचांगाच्या चौकटीशेजारी शेताची, झाडाची आणि आभाळाची नोंदही हवी

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण लागला किंवा मार्गशीर्षातले गुरुवार जवळ आले की आपल्या दैनिकासह बहुतेक मराठी वृत्तपत्रांत सणांविषयीचा मजकूर वाढतो. त्यात पूजेचे मुहूर्त असतात, नैवेद्याच्या पाककृती असतात आणि अलीकडे ‘या सणामागचे शास्त्र’ उलगडून सांगणारा एखादा लेखही असतो. हा मजकूर मी वर्षानुवर्षे आवडीने वाचत आले आहे. तरीही त्यात एक गोष्ट हमखास राहून जाते, आणि ती म्हणजे सण ज्या दिवशी येतो त्या दिवशी आपल्या भोवतीच्या जमिनीत, उभ्या पिकात, गोठ्यात, समुद्रात आणि राबणाऱ्या हातांत नेमके काय चाललेले असते याचा उल्लेख. हा उल्लेख नसला की सण तिथीवर लटकलेला राहतो आणि त्याचा आध्यात्मिक अर्थ शोधण्यासाठी वाचकाला प्रवचनांकडे, शिबिरांकडे किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांकडे वळावे लागते. हा अर्थ आपल्या रोजच्या व्यवहारात आणि ऋतूच्या कामात आधीपासूनच आहे, अशी माझी धारणा आहे. तिच्या आधारे आपल्याला एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी लातूर येथे राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. आमच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या, म्हणजे आमच्या बोलीतली येळवस, साजरी होते. लातूर आणि धाराशिव जिल्हे, बीड व सोलापूरचा काही भाग आणि सीमेपलीकडचे बीदर, कलबुर्गी एवढ्या पट्ट्यात हा सण आहे. उर्वरित महाराष्ट्राला तो फारसा ठाऊक नाही. त्या दिवशी लातूर शहरातली बाजारपेठ बंद असते, जिल्हाधिकारी स्थानिक सुटी जाहीर करतात आणि दुपारी रस्त्यांवर शुकशुकाट असतो, कारण ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात गेलेला असतो आणि ज्याला नाही तो कोणाच्या तरी आमंत्रणावरून दुसऱ्याच्या शेतात गेलेला असतो. आदल्या रात्री घरोघरी बायका जवळजवळ जागतात. हरभऱ्याचे सोले, तुरीचे ओले दाणे, मेथी, गाजर, वांगी अशा त्या दिवसांत जे जे हिरवे मिळते ते एकत्र करून, चिंचेचा कोळ आणि पीठ लावून भज्जी शिजवली जाते. बाजरीचे उंडे, आंबट भात, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या आणि ज्वारीचे पीठ ताकात घालून केलेली अंबील असा तो स्वयंपाक असतो. सकाळी अंबिलीचे बिंदगे डोक्यावर घेऊन घरची माणसे शेताकडे निघतात. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली असते, तीत चुन्याने रंगवलेले पाच पांडवांचे दगड मांडलेले असतात आणि त्यांच्यापुढे हा सगळा नैवेद्य ठेवला जातो. पूजा झाली की घरचा कर्ता ‘ओलगे, ओलगे’ अशी आरोळी देत उभ्या पिकाभोवती फिरतो आणि चारही दिशांना अंबील शिंपडतो. मग पंगत बसते. संध्याकाळी गोवऱ्यांवर लहानशा मडक्यात दूध ठेवून ते उतू जाऊ देतात, आणि ते कोणत्या दिशेने सांडले हे घरातली म्हातारी माणसे निरखून पाहतात.

या वर्णनात जेवणाची गोडी आहे आणि आमच्याकडची माणसेही बहुधा तेवढेच सांगतात. मात्र या सणाची वेळ नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते, आणि माझ्या दृष्टीने या पत्राचे सारे प्रयोजन तिच्यात आहे. मार्गशीर्ष अमावास्या डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात येते. रब्बीची ज्वारी तेव्हा पोटरीत किंवा निसवण्यात, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या बेतात असते, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात, गहू हिरवागार असतो. काळ्या जमिनीत परतीच्या पावसाने मुरलेल्या ओलीवर हे पीक वाढते. पेरणीनंतर त्याला पावसाची फारशी आशा नसते. पेरणी, कोळपणी, खुरपणी ही सारी कामे उरकलेली असतात आणि काढणीला अजून दीड-दोन महिने असतात. पाखरे, कीड, अवकाळी पाऊस, धुके आणि बाजारभाव या सगळ्यांचा फेरा अजून पुढेच असतो. म्हणजे माणसाच्या हाती होते ते करून झाले आहे आणि जे त्याच्या हाती नाही ते अजून घडायचे आहे, अशा नेमक्या जागी हा सण उभा आहे. धान्य घरात आल्यावर आभार मानणे हे सुसंस्कृत माणसाचे लक्षण खरेच, परंतु येथे धान्य दिसण्याच्याही आधी आभार मानले जातात. पीक येईल की नाही हे ठाऊक नसताना घरातले पहिले अन्न त्या पिकाच्या मुळाशी शिंपडले जाते आणि शेजाऱ्याला हाताला धरून पानावर बसवले जाते. फळाच्या आशेवर न टेकलेली अशी कृतज्ञता शिकवण्यासाठी मोठमोठे ग्रंथ खर्ची पडले आहेत; आमच्याकडे मात्र निरक्षर माणसे ती दरवर्षी एक अख्खा दिवस आचरतात.

जानेवारी २०१६ मधली वेळ अमावास्या मला या संदर्भात विसरता येत नाही. आदल्या पावसाळ्यात पाऊस नव्हता, विहिरी कोरड्या होत्या आणि पुढे एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वर्षी माझ्या नातलगांच्या शेतात ज्वारी गुडघ्यापर्यंतही आलेली नव्हती आणि भज्जीसाठीच्या भाज्या बाजारातून विकत आणाव्या लागल्या होत्या. तरीही कोप उभी राहिली, पांडव मांडले गेले, आणि नेहमीइतकी नव्हे पण अंबील शिंपडली गेली. पिकाचा भरवसा नव्हता तरी शेताशी असलेले नाते तोडायचे नाही, एवढाच त्या कृतीचा आशय होता. घरातल्या एका वृद्ध चुलतीने एवढेच म्हटले की, माणूस आजारी पडला म्हणून आपण त्याच्याकडे जायचे सोडतो का. मी आयुष्यात ऐकलेल्या प्रवचनांपैकी मोजकीच त्या वाक्याच्या जवळपास जाणारी होती.

हा स्वभाव केवळ आमच्या सणाचा नाही. ऋतूशी बांधलेले मराठी मुलखातले बहुतेक सण कोठे तरी माणसाला थांबवतात आणि ज्याच्या जिवावर आपण जगतो त्याच्याकडे तोंड करून उभे करतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. जू ठेवून ठेवून जो खांदा घट्टे पडून कठीण झालेला असतो, तोच नेमका तूप-हळदीने चोळला जातो आणि बैलाच्या कानाशी ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हटले जाते. दुखऱ्या जागेवर हात ठेवून दिलेल्या या निमंत्रणात कष्ट करून घेतल्याची कबुली आहे, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या झुली आणि बाशिंगांहून मला खांदेमळणीचे मोल अधिक वाटते. आता गोठे रिकामे होत चालले आहेत आणि काही गावांत पोळ्याला ट्रॅक्टर सजवून मिरवतात. त्याला कोणी नावे ठेवू नयेत असे मला वाटते; पण ट्रॅक्टर चालवणाऱ्या सालगड्याला त्या दिवशी मानाचे पान वाढले गेले, तर खांदेमळणीचा अर्थ त्या घरात शिल्लक राहिला असे मी मानेन.

किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेचेही असेच आहे. कोळी समाज त्या दिवशी खवळलेल्या समुद्राला नारळ अर्पण करून मग होड्या पाण्यात लोटतो. पावसाळ्याचे दिवस हे माशांच्या प्रजननाचे दिवस असतात; आज शासनाने पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी यांत्रिक मासेमारीला बंदी घातलेली आहे, आणि तिच्याही आधीपासून पौर्णिमेपर्यंत होडी न घालण्याची रीत होती. घेण्याआधी थांबायचे आणि घ्यायला निघताना विचारून निघायचे, ही त्या रीतीची शिस्त आहे. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर जी माटोळी बांधतात तिच्यात रानातली हंगामी फळे, फुले, वेली आणि सुपारीचे घड असतात. ती बांधायची तर कोणाला तरी रानात जावे लागते आणि कोणती वेल कोणत्या ओहळाकाठी उगवते हे ठाऊक असावे लागते. मुंबई, उत्तन, वसईच्या परिसरातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधव ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात, तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेल्या जातात. डहाणू-जव्हारकडचे वारली बांधव धान्याला कणसरी देवी मानतात. देव वेगळे, भाषा वेगळ्या, पण नवे अन्न तोंडात घालण्याआधी हात थांबतो तो सगळीकडे सारखाच.

सण वर्षातून एकदाच येतो, मग रोजच्या आयुष्याचे काय, असा प्रश्न येथे रास्तपणे विचारला जाईल. माझे उत्तर असे आहे की सण ज्या कृतीला पूर्ण दिवस देतो तिचेच लहान रूप रोज आपल्यासमोर घडत असते आणि ते घडवणारी माणसे स्वतःला धार्मिक म्हणवून घेतीलच असे नाही. आमच्या गल्लीत येणारी भाजीवाली सकाळची पहिली भवानी कपाळाला लावल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. एसटीचा चालक गाडी सुरू करण्यापूर्वी चाकाला हात लावून तो छातीशी नेतो. शाळेत पाटीला किंवा पुस्तकाला पाय लागला की मूल चटकन वाकते. मी पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकांनाही तसे वाकताना पाहिले आहे. पहिली भाकरी गायीची किंवा कुत्र्याची, संध्याकाळी दिवा लावल्यावर घरातल्या मोठ्यांना नमस्कार, पेरणीच्या दिवशी चाड्यावर मूठ धरण्याआधी तिफणीला कुंकू, खळ्यावर रास झाल्यावर पहिले सूप मागत्याला, या सगळ्या कृती क्षणभराच्या आहेत. त्या क्षणापुरता माणूस मान्य करतो की पुढे जे घडणार आहे ते एकट्या माझ्या कर्तबगारीने घडणार नाही. अरणच्या सावता महाराजांना आपल्या मळ्यातच विठ्ठल भेटला आणि त्यासाठी मळा सोडून जावे लागले नाही, असे वारकरी परंपरा सांगते. आजही पंढरपुराहून पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. देव कामाच्या जागी येतो, हे मानणारी परंपरा आपल्याकडे इतकी जुनी असताना अध्यात्मासाठी काम बाजूला ठेवून कोठे तरी जावे लागते असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात का रूढ व्हावा, हे मला समजत नाही.

आता ‘सणामागचे शास्त्र’ या विषयाकडे वळते. तीळ आणि बाजरी थंडीत अंगाला मानवतात हे खरे आहे आणि मुलांना ते जरूर सांगावे. घटस्थापनेला शेतातली माती आणून तीत धान्य पेरतात, त्यातून रब्बीच्या पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण पारखता येते, हेही पटण्यासारखे आहे. पण भोगीच्या दिवशी भाजीची वाटी शेजारणीकडे का जाते, याचे उत्तर तिळातल्या स्निग्धतेत सापडत नाही. उगवण पारखायला गोणपाटाचा तुकडाही पुरतो. त्यासाठी नऊ दिवस अखंड दिवा जपण्याचे आणि दसऱ्याला ते कोवळे तुरे कानावर, फेट्यात खोवण्याचे कारण पडत नाही. प्रत्येक आचाराला उपयुक्ततेचे प्रमाणपत्र मिळवून देण्याच्या उत्साहात आपण एक धोका पत्करतो. उपयोगासाठीच तो आचार होता असे एकदा ठरले की उपयोग दुसऱ्या सोप्या मार्गाने साधताच तो सोडून देणे शहाणपणाचे ठरते. शिवाय हौसेने पसरवलेल्या अशा कारणांपैकी बरीच तपासून पाहता टिकत नाहीत, आणि एक कारण खोटे निघाले की तरुण मुले सगळ्या परंपरेवरच अविश्वास दाखवू लागतात. त्यांचा दोष नाही. वृत्तपत्राने त्यांना पारखलेले खरे तेवढे द्यावे आणि ज्याचे कारण सांगता येत नाही तेथे केवळ काय घडते याचे नेमके, प्रामाणिक वर्णन करावे; अर्थ त्यातून त्यांना आपोआप लागतो, हा माझा वर्गातला अनुभव आहे. भेंडी-गवारीपलीकडे भाज्या न ओळखणाऱ्या शहरी मुलांना सुगडात भरायला ओल्या हरभऱ्याचे डहाळे, गव्हाच्या ओंब्या, बोरे आणि उसाचे करवे हातात दिले, की त्यांचे प्रश्न सुरू होतात. हे आत्ताच का येते, कोठून येते, कोणी पिकवले, त्याला काय मिळाले? या प्रश्नमालिकेतला शेवटचा प्रश्न कोणत्याही पोथीपेक्षा मुलांना दूर घेऊन जातो.

तो शेवटचा प्रश्न विचारला की मग आपल्या सणांच्या उणिवाही झाकता येत नाहीत. वेळ अमावास्येच्या दिवशी शेतशिवार माणसांनी फुलते हे मी वर लिहिले, पण बीड, लातूर, धाराशिवच्या अनेक वस्त्या त्या दिवशी ओस असतात, कारण ऊसतोडीला गेलेली कुटुंबे दसरा-दिवाळीनंतरच पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून गेलेली असतात. कारखान्याच्या तळावर कोपी करून राहिलेल्या त्या बायका पहाटेच्या अंधारात फडात उतरतात आणि त्यांची येळवस तशीच निघून जाते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी घरातल्याच विधवा स्त्रीला आतल्या खोलीत बसवण्याची रीत अजून सर्वत्र गेलेली नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना त्या मार्गाने जाण्याचे आवाहन केले. मला हेरवाडचा तो ठराव धार्मिक कृत्य वाटतो आणि सणांच्या पुरवणीत त्याला मानाची जागा असावी असे मनापासून वाटते. जे सौभाग्य एका स्त्रीला पाटावर बसवते आणि तिच्या सख्ख्या जावेला दाराआड उभे करते, त्याला ऋतूचा आधार नाही. तीळ दोघींच्याही हातांनी निवडलेले असतात. सणाचा स्वयंपाक ज्या बाईने रात्र जागून केला तिला शेवटच्या पंगतीला गार अन्न मिळावे, हेही आता थांबायला हवे. आमच्या घरात वेळ अमावास्येला पुरुष वाढतात आणि बायका पहिल्या पंगतीला बसतात, आणि पांडवांची त्याला हरकत दिसलेली नाही.

दुसरी गोष्ट ऋतूच बदलू लागल्याची. आपले बहुतेक सण चांद्र तिथींवर चालतात आणि चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे ते दरवर्षी मागे सरकतात. अडीच-तीन वर्षांनी येणारा अधिक मास त्यांना ऋतूच्या जागेवर परत आणतो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ त्यासाठीच आहे. सण ऋतूपासून फार लांब जाऊ नयेत याची काळजी पूर्वजांनी गणिताने घेतली, एवढे त्यांना ते नाते महत्त्वाचे वाटत होते. आता सण आपल्या जागी राहतात आणि ऋतूच जागा सोडू लागला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ऐन नवरात्राच्या दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्या पात्र सोडून शेतांत शिरल्या, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले आणि नदीकाठच्या कित्येक शेतांतला मातीचा वरचा थरच खरवडून निघाला. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच रानातली माती घटासाठी आणली जाते, त्यांपैकी काहींना त्या वर्षी माती दुसऱ्याच्या रानातून मागून आणावी लागली. त्या आठवड्यात वृत्तपत्रांच्या एका पानावर पुराच्या बातम्या होत्या आणि दुसऱ्या पानावर नऊ रंगांच्या साड्यांची छायाचित्रे. ही दोन पाने एकमेकांशी बोलली असती, तर घटातल्या मातीकडे शहरातल्या वाचकानेही वेगळ्या नजरेने पाहिले असते आणि मदतीसाठी पुढे येणाऱ्या हातांना एक खोल कारण मिळाले असते.

मराठवाड्यात सोयाबीनने खरिपाची बरीचशी जमीन व्यापली आणि ज्वारीचा पेरा पूर्वीसारखा राहिला नाही, हेही येथे नोंदवते. शेतकऱ्याने पैशाचे पीक घेऊ नये असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु ज्वारी नाही म्हणून कडबा नाही, कडबा नाही म्हणून गुरे नाहीत, आणि कोप बांधायला पेंढ्या विकत आणाव्या लागतात, अशी साखळी आता अनेक गावांत दिसते. सणाच्या एका साहित्याचा अभाव जमिनीच्या, आहाराच्या आणि पशुधनाच्या केवढ्या मोठ्या बदलाची खूण असतो, हे त्या पेंढ्यांच्या निमित्ताने कोणीतरी सविस्तर लिहायला हवे आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, आपल्या दैनिकात रोज जी पंचांगाची चौकट छापली जाते तिच्या शेजारी आणखी एक छोटी चौकट येत्या गुढीपाडव्यापासून सुरू करावी. तिथी, नक्षत्र, सूर्योदय, सूर्यास्त यांच्या जोडीला त्या दिवशी आपल्या वितरणक्षेत्रातल्या कोणत्या तालुक्यात कोणते काम चालू आहे, काय पेरले जात आहे, काय निसवले आहे, कोणते झाड फुलले आहे, कोणता पक्षी आला किंवा गेला, बाजारात कोणती रानभाजी दिसू लागली, कोठला पाणवठा आटला, कोठली कुटुंबे कामासाठी बाहेर पडली किंवा परतली, यांपैकी दोन-तीन गोष्टी चार ओळींत याव्यात. सणाच्या दिवशी त्या सणाच्या साहित्यातली एक वस्तू निवडून ती कोठून आणि कोणाच्या हातून येते हे सांगावे. आपट्याची पाने, सुगडे, लाह्या, कमळे, केळीचे खुंट, बेलाची त्रिदळे यांपैकी प्रत्येकामागे राबणाऱ्या माणसांची एक साखळी आहे आणि तिच्याविषयी आजवर फारच थोडे छापून आले आहे. या मजकुराला लेखक-विचारवंतांची गरज नाही. तालुक्याचे वार्ताहर, कृषी सहायक, जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक, आशाताई, एसटीचे वाहक आणि स्वतः शेतकरी यांच्याकडून पोस्टकार्डावर किंवा फोनवर त्या नोंदी सहज मिळतील. शाळांनी ठरवले तर पाचवी-सहावीची मुलेही त्या अचूक पाठवू शकतात. झाडाला पहिला मोहोर कधी दिसला ही तारीख मुले मोठ्यांहून चांगली लक्षात ठेवतात.

जागेची अडचण असल्यास आठवड्यातून एकदा, दर अमावास्या-पौर्णिमेला किंवा केवळ सणाच्या दिवशी ही चौकट छापली तरी चालेल. उपक्रम सुरू झाल्यास लातूर, औसा आणि निलंगा या तीन तालुक्यांतल्या नोंदी दर सोमवारपर्यंत आपल्या कार्यालयात पोहोचवण्याची जबाबदारी मी आणि माझ्या काही निवृत्त सहकारी शिक्षिका आनंदाने घेऊ. येत्या वेळ अमावास्येला आपल्या संपादकीय विभागातील ज्यांना सवड असेल त्यांनी आमच्या शेतात जेवायला यावे, असे आग्रहाचे निमंत्रणही या पत्रासोबत देत आहे. येताना काही आणू नये. अंबील, भज्जी आणि पानावर बसायला जागा पुरेशी असते.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका व नियमित वाचक
लातूर